बिनकाट्याची बेडकी

अहो, ऐका. रडारड नंतर करू, ती कुठे पळून जात नाही. आधी मला तुम्हाला एक बातमी सांगायची आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरणार नाही. पण तुमच्यासारखी मी शेवटापासून सुरुवात करणार नाही. सिनेमाला बसलं की मध्यंतराच्या आत तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला शेवट विचारायचात. आज गप्प बसून ओळीने ऐकायचं. तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही, तुमच्या जाण्याने माझा एवढा एकच फायदा झाला आहे आणि तो मी पुरेपूर वसूल करणार आहे.

मी ओट्यावर बसले आहे. माझ्या पायांना बंधाऱ्याचा चिखल लागला आहे. सव्वा महिना अजून व्हायचा आहे, घरातून बाहेर पाऊल टाकायचं नाही असा तुमच्या कोरीटच्या आक्काचा हुकूम आहे आणि तरी तुमच्या बायकोच्या पायांना ताजा, हिरवा, घाण वासाचा चिखल लागला आहे. पाय धुवायचं माझं मन होत नाही. त्याहून मोठी गंमत म्हणजे आक्काच्या पायांनाही तोच चिखल आहे. थांबा, थांबा. ओळीने.

हे सगळं सुरू झालं ते आपल्या पोराने, हेमंतने, सुरतहून पाठवलेल्या मोबाइलमुळे. पपईच्या पैशांतून घेतलेली गाडी तुम्ही कव्हर घालून ठेवलीत, पण तो मोबाइल तुमच्या हातून सुटला नाही. एके दुपारी तुम्ही मला हाक मारलीत, "बाई, इकडे ये. हाऊ काय म्हनी ऱ्हायना, माले सांग." शाळेतली पोरं मला बाई म्हणतात म्हणून तुम्हीही चिडवायला बाई म्हणायचात. मोबाइलमध्ये टोपी घातलेला एक गोरा आजोबा लाकूड तासत होता. मी इंग्रजी ऐकून तुम्हाला सांगत गेले. हा लाकडाचा खोटा बेडूक आहे, हा बुडत नाही, पाण्यावर तरंगतो, ओढला की डुबुक डुबुक आवाज करतो आणि खालून बास नावाचा मासा त्याला खरा समजून झडप घालतो. मग ती झडप दिसली. पाणी फुटलं, तो मासा अर्धा बाहेर आला आणि तुम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलात. कबड्डीत आपल्या गावाने शेवटची पकड केली की उठायचात, तसे.

"हाऊ आपला बंधारामा बी शे!" तुम्ही ओरडलात. "तठला मरळ याना सख्खा भाऊ शे!"

आपल्या पपईच्या वावरामागे नाल्यावरचा बंधारा, त्याच्या जलपर्णीखाली राहणारा तो हातभर मरळ तुम्ही आधीपासून ओळखत होतात. मोटर चालू करायला गेलात की तो दिसायचा. एकदा त्याने काठावरून उडी मारलेला बेडूक गप्पकन गिळला, ते तुम्ही मला जेवताना इतक्या वेळा सांगितलंत की माझी भाजी गार व्हायची. पण बघायचा कसा? त्याला वर बोलवायचा कसा? तुमच्या गळ्यात तुळशीची कंठी. ती आक्काने घातलेली, त्या थोरल्या बहिणीने, जिने तुम्हाला आई गेल्यावर लहानाचं मोठं केलं. आपल्या घरात अंडं घातलेला केकसुद्धा येत नाही. गांडूळ टोचून गळ टाकायचा म्हणजे तुमच्या हिशेबात दोन जीवांचं पाप. आणि आता समोर मोबाइलमध्ये उत्तर नाचत होतं. "गांडूयले दुखस. लाकूडले काय दुखस?" असं म्हणून तुम्ही कोयता घेऊन बाहेर पडलात.

मी तेव्हा हसले होते. खूप हसले होते. पण खरं सांगू, मलाही तुमच्या कोयत्यामागे बाहेर यावंसं वाटलं होतं. पस्तीस पोरांच्या वह्या तपासून आलेल्या बाईच्या आयुष्यात संध्याकाळी वाट बघावी असं काही असतं थोडंच. त्या दिवसापासून होतं.

तुमची पहिली बेडकी बाभळीची. शेतकऱ्याला चांगलं लाकूड म्हटलं की बाभूळच सुचणार. वखराला बाभूळ, जुवाला बाभूळ, मग बेडकीला का नको? दोन दिवस तासली, कानस मारली, मोठ्या मानाने बैलांच्या हौदात सोडली आणि ती दगडासारखी तळाला जाऊन बसली. तुम्ही बराच वेळ हौदात बघत राहिलात, जणू काही ती विचार करून वर येईल. मी म्हटलं, "वखर नाही करायचा, तरंगायचं आहे तिला." तुम्ही म्हणालात, "मजबूत तं शे ना पन!"

मग पांगारा आला. बांधावरच्या कुंपणातला, हलका, नखाने खरवडला तरी निघणारा. ती बेडकी तरंगली. आपण दोघं हौदाभोवती नाचलो, खोटं सांगत नाही, मी पदर खोचून नाचले. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओल्या लाकडाने पोटभर पाणी पिऊन तिने तळ गाठलेला. तेव्हापासून पांगाऱ्याचे तुकडे माझ्या गव्हाच्या कोठीत पुरून ठेवायची पद्धत तुम्ही काढलीत. गहू लाकडातली ओल ओढून घेतो म्हणे. पोळ्या लाटायला बसले की कणकेत भुसा. मी ओरडायची, तुम्ही म्हणायचात की पांगारा औषधी असतो.

आणि तोंड! बेडकीचं तोंड. ते चमच्यासारखं खोलगट कोरलं की ओढताना पाणी त्यात अडतं आणि डुबुक आवाज येतो, इतकं त्या गोऱ्या आजोबाने सांगितलं होतं. किती खोलगट ते नव्हतं सांगितलं. तुम्ही कोरत गेलात, हौदात ओढून ऐकत गेलात. एकीचा आवाज फुस्स. एकीचा आवाज असा की सर्ज्या बैलाने हौदातून तोंड काढलं ते काढलंच. दोन दिवस बैल त्या हौदावर पाणी प्यायला तयार नव्हते, तुम्ही बादलीने पाजलंत. दोरी बांधायच्या तारेसाठी आरपार भोक पाडायला सायकलचा स्पोक माझ्या गॅसवर लाल करायचात. जळक्या पांगाऱ्याचा वास स्वयंपाकघरात भरून राहायचा. "माझ्या गॅसवर मासेमारीचं काम?" असं मी विचारलं की, "मासा कोठे शे? लाकूड शे," हे उत्तर ठरलेलं.

रंगाच्या वेळी तर तुम्ही कहर केलात. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला लाल आणि हिरवा वार्निस होता, बैलांच्या बाशिंगातलं उरलेलं सोनेरी बेगड होतं. तुम्ही बेडकीच्या पाठीवर पोळ्याचा बैल काढलात. हिरवी पाठ, लाल ठिपके, कपाळावर बेगडाची टिकली. डोळे आधी काढायचे हा तुमचा नियम, डोळ्यांशिवाय तिला हातात धरवत नाही म्हणायचात. इतकी देखणी झाली होती ती की मी तिला देवघराजवळ ठेवली. आणि मरळ काही तिच्याकडे ढुंकून बघेना. आठवडाभर रोज संध्याकाळी आपण बंधाऱ्यावर. तुम्ही टाकताय, ओढताय, डुबुक डुबुक, आणि तो जलपर्णीखालून एक बुडबुडा सोडून आपल्याला टाटा करतोय.

तुम्ही लाकूड बदललंत, तोंड बदललंत, ओढायचा नायलॉनचा तंगूस बदलला. मी मात्र लोणच्याची रिकामी बरणी घेतली. काचेची. पाणी भरून बेडकी तिच्यात तरंगत ठेवली, बरणी डोक्यावर धरली आणि खालून बघितलं. अहो, तो क्षण! मी जिन्याखाली उभी, डोक्यावर बरणी, आणि मला तुमच्या एवढ्या शिणगारातलं काहीसुद्धा दिसत नव्हतं. काळपट ठोकळा, बस. मी तुम्हाला किंचाळून बोलावलं. "पाठ कुणासाठी रंगवली तुम्ही? मिरवणूक बघायला तो काय ओट्यावर बसलाय? तो खाली राहतो. त्याला पोट दिसतं, पोट!" तुम्ही बरणीखाली वाकून बघितलंत आणि मग मला कडकडून मिठी मारलीत, बरणीसकट. पाणी आपल्या दोघांच्या अंगावर. लग्नाच्या इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या, दार उघडं असताना तुम्ही मला मिठी मारलीत ती त्या एकाच वेळी. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. तुम्हाला वाटायचं मी बाहेर तुमची फजिती सांगते. मी तुमची बढाई मारायची हो. आमच्या यांनी असं केलं, आमच्या यांनी तसं केलं. भूगोलाच्या मॅडम तर रोज डबा उघडायच्या आधी विचारायच्या, "आज उठला का तुमचा मासा?" हे तुम्हाला कधी कळलं नाही आणि ते मला आता फार टोचतं आहे.

त्यानंतर पोट दुधी रंगाचं झालं आणि मासा मागे यायला लागला. आठवतं? बेडकीच्या मागून पाण्याला फुगवटा येत यायचा आणि अगदी जवळ येऊन तो वळायचा. आपण दोघं एकमेकांचे हात दाबून धरायचो. तुमचं म्हणणं की मी ओढायची घाई करते. "थांब. गोल गोल पानी शांत व्हऊ दे. तू थांबशी तव्हय तो येस." मी थांबते कुठे. मी आयुष्यात एकदाही एस.टी. पूर्ण थांबल्यावर उतरलेली नाही.

आता आपलं भांडण. ते राहूनच गेलं, नाही का?

हेमंतने रीळ आणि काठीबरोबर गळाचे काटे पाठवले होते, तिहेरी, चमकणारे. तुम्ही एक बेडकीच्या पोटाला लावलात आणि पहिल्याच फेकीला तो तुमच्या अंगठ्यात घुसला. आरपार. काट्याला उलटं टोक असतं, तो मागे येत नाही. शहाद्याला डॉक्टरने विचारलं काय आहे, तर कंठीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "कुंपनन्ही तार." मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होते. घरी आल्यावर पक्कड घेऊन तो काटा उतरवलात आणि म्हणालात, आता काटा नाही. कधीच नाही.

"मग मासा धरायचा कसा?" मी विचारलं.

"खावानं नही, मारानं नही, मंग धरानं कसाले?"

"एकदा हातात घेऊन बघायला. मग सोडून द्यायचा."

"त्याले फक्त वर येवू दे. मी देखसू. बस."

मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. मी म्हणायची की काट्याचं उलटं टोक पकडीने दाबून टाका, माशाला इजा होणार नाही, पण एकदा तो माझ्या हातात येऊ दे. एवढं लाकूड तासलं, एवढी कणीक भुशाची खाल्ली, आणि शेवटी हातात काय, बुडबुडा? तुम्ही म्हणायचात की तुम्ही त्याला फसवून वर बोलावताय तेवढंच पुष्कळ, वर त्याला टोचायचं म्हणजे अती झालं. हे भांडण जेवताना, झोपताना, मोटारसायकलवर, हेमंतच्या फोनवर, सगळीकडे चालायचं. शेवटच्या आठवड्यातही चाललं होतं. तुम्ही नवी बेडकी ओट्यावर घासत होतात, मी भाजी निवडत होते, आणि मी म्हटलं की या खेपेला काटा लावा नाहीतर मी येणार नाही बंधाऱ्यावर. तुम्ही हसून म्हणालात, "नको ये. तुले मी घर ईसन सांगसू." घरी येऊन सांगतो म्हणालात. मग छातीत दुखायला लागलं, गाडी, दवाखाना, आणि तुम्ही घरी आलात ते बोलत नव्हतात.

त्यानंतरचे दिवस मी सांगत नाही. माणसं आली, गेली. मला कुणी काय बोललं ते आठवत नाही. रात्री कूस बदलली की तुमच्या उशीला अजून पांगाऱ्याचा वास यायचा आणि मी उशीत तोंड खुपसून तुमच्यावर रागवायची. असं अर्धवट भांडण सोडून कुणी जातं का?

आक्का त्याच दिवशी कोरीटहून आली होती. तुम्हाला माहीत आहे तिचा दरारा. "सव्वा महिना उंबरा वलांडाना नही," एवढं एकदा बोलली आणि दाराजवळची खाट स्वतःसाठी घेतली. माझ्यावर राग नाही तिचा, उलट मायेने माझे केस विंचरते. पण रीत म्हणजे रीत. आणि अहो, तिला काहीसुद्धा माहीत नव्हतं! ती यायची म्हटलं की तुम्ही काठी माळ्यावर, रीळ पेटीत आणि बेडक्या गव्हात लपवायचात. एवढा मोठा बाप्या, नातू व्हायचं वय, आणि बहिणीला घाबरून बेडूक लपवतोय.

तेराव्याच्या स्वयंपाकासाठी गहू काढायला आक्काने कोठीत हात घातला आणि जोरात ओरडली. हातात बेडकी! पाठ रंगवलेली, मोठमोठे पांढरे डोळे, पोट अजून कोरंच. दुःखाच्या घरात, धान्याच्या कोठीत, डोळे वटारलेलं लाकूड. तिला वाटलं कुणीतरी करणी केली. "वं माय! म्हनीसन मन्हा रघू गया!" बेडकी चुलीत टाकायला तिने हात उचलला आणि मी, जी इतक्या दिवसांत भिंतीला टेकून बसले होते, ती अशी झेपावले की माझ्या पायाखालचं सूप पालथं झालं. तिच्या हातातून बेडकी हिसकावून घेतली आणि छातीशी धरून म्हटलं, "आक्का, करणी नाही हो. हे त्यांचं आहे. त्यांनी केलंय."

मग सगळं सांगावं लागलं. मोबाइलमधला आजोबा, बाभूळ, बैलांचा हौद, बरणी. सांगताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं आणि मी थांबू शकत नव्हते. आक्का खाटेवर बसून ऐकत होती. तिचा चेहरा मात्र दगड. माझ्या लक्षात आलं की तिच्या कानात एकच गोष्ट शिरली आहे.

"मन्हा भाऊ मासा मारे?" ती म्हणाली. "कंठी घालीसन?"

मी नाही म्हटलं. तिने माझ्या हातातून बेडकी परत घेतली, उलटी केली, सुलटी केली, बोटाने पोट चाचपलं. तारेचा पुढचा फासा होता, तंगूस बांधायचा. पोटाखाली काही नव्हतं.

"काटा कोठे शे?"

"काटा नाही लावत ते."

"कसाले नही?"

आणि अहो, जे भांडण मी तुमच्याशी इतके महिने घातलं, त्यातली तुमची बाजू मला तुमच्या बहिणीसमोर मांडावी लागली! त्याला दुखू नये म्हणून. खायचा नाही, मारायचा नाही, नुसता वर येताना बघायचा. अंगठ्याची गोष्टही सांगितली. कुंपणाच्या तारेची सांगितली तेव्हा आक्काच्या ओठांचा एक कोपरा हलला. ती बराच वेळ त्या रिकाम्या पोटावरून बोट फिरवत राहिली. त्या जागी एक काटा असता तर ती उठून कोरीटला निघून गेली असती आणि तुमचं नाव तिच्या मनात कायमचं खाली गेलं असतं. मी हट्टाने तुमच्याकडून तो लावून घेतला असता तर!

"मंग ऊना का वर?" आक्काने विचारलं.

"नाही. त्यांना नाही दिसला."

एवढंच बोलणं झालं. पण माझं मन ठिकाणावर येईना. वैशाख उतरणीला लागला, बंधाऱ्याचं पाणी रोज आटतंय हे मला घरबसल्या कळत होतं, कारण मोटरचा आवाज घोगरा झाला होता. पाणी कमरेइतकं झालं की गावातली पोरं जाळं ओढतात, दर वर्षी. शेजारच्या वावरातला सुकलाल येऊन सांगून गेला की येत्या बाजारानंतर ओढणार. म्हणजे तो मरळ गेला. तुमचा मरळ, ज्याने तुमच्याकडे इतके महिने पाठ फिरवली, तो कुणाच्या तरी कालवणात. आणि सव्वा महिना तर त्याच्याही नंतर संपणार. मी दुपारी गुपचूप बेडकीचं पोट रंगवायला बसले. पांढरा रंग नव्हता, मग माझी नेलपॉलिश, हेमंतच्या लग्नातली, मोतिया रंगाची. दोन हात दिले. घाईत अर्धी बोटांना लागली. आक्का दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता बोलणार, विधवा बाई नेलपॉलिश लावते म्हणून.

"वायी जाई का सकायलोंग?" ती म्हणाली.

रंग सकाळपर्यंत वाळेल का, हे विचारत होती ती!

"सकायमा जावू. मांगला दारथीन. डोकावर पदर ले, अन कोनासंगे बोलू नको."

अहो, तुमची आक्का!

आज उजाडता उजाडता आम्ही दोघी मागच्या दाराने निघालो. आक्का पुढे, लुगडं वर धरून, मी मागे काठी लुगड्याच्या आडोशाने लपवत. चोरांसारख्या! मला गुदगुल्या होत होत्या हो, लाज वाटते सांगायला, पण होत होत्या. पपईच्या ओळींतून वाकून वाकून बंधारा गाठला. पाणी खरंच फार खाली गेलं होतं, काठाचा चिखल भेगाळलेला, मधे जलपर्णीचा एक हिरवा तुकडा उरलेला. तो असलाच तर त्याच्याखाली.

पहिल्यांदा टाकली ती चिखलात. दुसरी आक्काच्या लुगड्यात. ती म्हणाली, "रघू बी असाच टाके का?" मी म्हटलं, याहून वाईट. मग एकदा बरोबर पडली, जलपर्णीच्या कडेला, आणि मी ओढली. डुबुक. काय आवाज होता! तुम्ही तोंड कोरलंत ते अगदी बरोबर कोरलंत, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. ना फुस्स, ना बैल बुजवणारा. खरा, भरलेल्या पोटाच्या बेडकाचा. डुबुक, आणि मी परत ओढणार, हात शिवशिवत होता, सवयच ती, आणि मी थांबले. दात आवळून थांबले. पाण्यावरची गोल गोल वलयं मोठी झाली, काठाला लागली, विरली. मी तरी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं ऐकलं आणि थांबले.

आणि पाणी फुटलं!

अहो, फुटलं म्हणजे काय, आतून कुणीतरी ढकलल्यासारखं वर आलं, आणि त्यात तो, काळा, जाड, चकाकणारा, डोकं सापासारखं, तोंड उघडं, सबंध अर्धा पाण्याबाहेर, बेडकी तोंडात! मी पाहिलं. अगदी सगळं पाहिलं. त्याचा डोळा पाहिला. मी काठी खेचली, तोंडाने काय ओरडले मला माहीत नाही, आक्का म्हणते मी तुम्हाला "अहो" अशी हाक मारली. तंगूस ताठ झाला, एक क्षण तो सगळा जड, जिवंत, माझ्या मनगटात होता. आणि मग सुटला. काटा नव्हता ना. बेडकी हवेतून भिरभिरत आली आणि आक्काच्या पायाशी चिखलात पडली. बंधाऱ्यावर लाटा इकडून तिकडे.

मला वाटलं होतं की अशा वेळी मला वाईट वाटेल, हातात नाही आला म्हणून. नाही वाटलं. तो एक क्षण मनगटात होता ते पुरलं. भांडण तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, फुकट चढाल. पण हरले असंही नाही म्हणवत. मला एवढंच वाटत होतं की तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही! मी नाही. मी काय, मी मागून आलेली. इतके महिने तुम्ही संध्याकाळी डास चावून घेतलेत आणि तो उठला तो माझ्यासमोर. हा अन्याय आहे आणि मी त्याबद्दल कुणाशी भांडू ते मला कळत नाही. मी तिथे चिखलात बसून खूप रडले. चांगलं रडले. इतक्या दिवसांत असं मोकळं रडू आलं नव्हतं.

आवाज ऐकून सुकलाल त्याच्या वावरातून धावत आला. मी घाईने पदर ओढला, काठी पाठीमागे केली. कुणाशी बोलू नको म्हणून आक्काने बजावलं होतं ना. सुकलालने विचारलं, "काय व्हयनं, आक्का? कोनी पडनं का?"

आणि तुमची आक्का, कंठीवाली, सोवळी, कोरीटची आक्का, तिने चिखलातली बेडकी उचलली, पदराने पुसली, तिच्या पांढऱ्या पोटावर माशाच्या दातांचे ओरखडे होते ते त्याच्यासमोर धरले आणि साऱ्या शिवारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देख! हाई मन्हा रघूनी बनाडेल शे! बिगर काटानी! मासा इतला वर ऊना, इतला!"

आता ती आत आहे. चहा चुलीवर उकळून उकळून काळा झाला आहे आणि तिकडे तिचं लक्ष नाही, कारण ती फोनवर कोरीटला सगळं सांगते आहे. तिच्या सांगण्यात मासा आता रेडकाएवढा झाला आहे. मी दुरुस्त करत नाही. दर वाक्याला "मन्हा रघू, मन्हा रघू" चाललं आहे, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तुमचं नाव घेताना ती हसते आहे.